नकाशाची कापलेली कड

गुरुवार असला की दिवाणखान्यातल्या फोनला कोणी हात लावायचा नाही, हा घरातला नियम होऊन आता सात महिने झाले होते. दुपारी दोनला युद्धात अडकलेल्या एका परदेशी शहरातून घरच्या मुलाचा, डॉक्टरचा, फोन यायचा. बोलायला तीन मिनिटं. चौथं मिनिट लागलं की शहराला वेढा घालून बसलेल्यांना फोन कुठून चाललाय त्याचा माग लागतो, असं काकांनी पहिल्याच गुरुवारी बजावलं होतं. तेव्हापासून सूनबाई भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत नवऱ्याशी बोलायला शिकली होती. तोंडाने ‘जेवलास का’ म्हणायचं आणि डोळ्यांनी मिनिटं मोजायची. सवय कशाचीही होते, तशी याचीही झाली.

या गुरुवारी डॉक्टरची बहीण, ताई, साडेअकरालाच येऊन धडकली. परराष्ट्र खात्यातली नोकरी लागल्यापासून ती दुपारच्या वेळी घरी आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही तिला सुचलं नव्हतं. तिने दार लावलं, खिडकी लावली आणि उभ्यानेच म्हणाली, “मी जे सांगणार आहे ते सांगायची मला परवानगी नाही.”

“मग नको सांगूस,” तिचे वडील, आबा म्हणाले. जन्मभर नकाशे काढलेला माणूस. नियम आडवा आला की त्याला वळसा घालावा असं त्यांना कधी वाटलंच नाही.

“आबा, ऐका तरी. आज चार वाजता. संयुक्त फौजांची विमानं येतायत. तोफा आणि दारूगोळ्याची कोठारं उडवणार. उद्या रस्ता मोकळा, परवा पाण्याचे टँकर आत.”

काका खुर्चीतून उठले. ते आबांचे धाकटे भाऊ, निवृत्त कर्नल. तीस वर्षांपूर्वी शांतिसेनेच्या दोनशे जवानांसह त्याच शहरात त्यांची छावणी होती. बाहेर जीव वाचवायला आलेली माणसं फाटक धडधडा वाजवत होती आणि ‘फाटक उघडू नका’ हा वरून आलेला हुकूम काकांनी पाळला होता. त्यानंतर ते फाटकाबद्दल कधी बोलले नाहीत, पण घरात कसलंही बोलणं निघालं तरी फिरून फिरून ते फाटक मध्ये यायचंच.

“तीस वर्षं लागली लेकांना,” काका म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता आणि ते त्यांना लपवायचंही नव्हतं. “पण निघाले एकदाचे.”

“आणि तो?” सूनबाईने विचारलं.

“यादीत आहे, वहिनी. त्याने कळवलेल्या सातही जागा मी स्वतःच्या हाताने यादीत घातल्यात. दवाखाना, बेकरी, पाण्याचा पंप, शाळा, सगळं. प्रत्येकाभोवती दोनशे मीटरचं कडं. त्या कड्यात काही पडणार नाही.”

जागा कळवायच्या की नाहीत यावरून दोन महिन्यांपूर्वी याच खोलीत रणकंदन झालं होतं. जागा सांगितली म्हणजे निशाणा धरून दिला, असं सूनबाईचं म्हणणं. चार दिवस काका तिच्या मागे लागले, पाचव्या दिवशी ती हो म्हणाली, आणि तिने सांगितलं म्हणून डॉक्टरने कळवलं. तेव्हापासून तिचं आणि काकांचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं.

आबांनी मात्र कपाटातून उपग्रहाच्या फोटोंवरून छापलेला शहराचा नवा नकाशा काढून टेबलावर पसरला होता. चारी कोपऱ्यांवर त्यांनी वजनं ठेवली: खलबत्ता, चष्म्याची डबी आणि दोन जाड शब्दकोश.

“बघू तरी, कुठे टोचलंयस त्याला,” ते ताईला म्हणाले. “दवाखान्याचा आकडा पाठ असेल ना तुला?”

ताईला तो झोपेतही आठवला असता. तिने सांगितला. आबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, पट्टी लावली, आधी आडवी रेघ, मग उभी, आणि टाचणी टोचली.

मग त्यांनी दोन्ही रेघा पुन्हा एकदा ताडून पाहिल्या.

“पुन्हा सांग.”

तिने पुन्हा सांगितला.

“हा दवाखाना नाही,” आबा म्हणाले.

“म्हणजे?”

“दवाखाना तंबाखूच्या गोदामात आहे, रुळांच्या अलीकडे. ही टाचणी रुळांच्या पलीकडे पडलीय, मिठागराच्या आवारात. हे शहर मी पायांनी मोजलंय.”

“वरून दोन्ही छपरं सारखीच दिसतात, आबा. आमच्या लोकांनी फोटो बघितला होता.”

आबांनी डिव्हायडर घेतला. गोदामावर एक टोक, टाचणीवर दुसरं. मग खाली मोजपट्टीवर. सांगताना त्यांचा आवाज अगदी हळू झाला. “चारशे वीस मीटर. ईशान्येला.”

हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. शांतिसेनेसाठी त्यांनी स्वतः शहराचा पहिला नकाशा काढला तेव्हा तो तिथल्या जुन्या मोजणीवर बेतला होता, कारण तिथले तलाठी, नळवाले, वीजवाले सगळे तीच मोजणी वापरायचे. उपग्रहाच्या आकड्यांहून ती चारशे वीस मीटर सरकलेली होती. त्यात चूक काहीच नव्हती. नकाशाच्या खालच्या कडेला त्यांनी ठळक अक्षरांत तसं लिहिलंही होतं.

आबा उठले, कपाटाचा खालचा खण ओढला. कागदाचा कपटाही न टाकणारा माणूस! जुन्या पाकिटातून त्यांनी बोटभर रुंदीची लांबट पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. ‘या नकाशावरील आकडे जुन्या मोजणीचे आहेत. उपग्रहाचे आकडे काढताना…’ आणि पुढे दोन ओळी.

“तो निघाला त्या दिवशी,” आबा म्हणाले. “कोटाच्या खिशात माझा तो जुना नकाशा मावत नव्हता. घडी घातली तरी खालून बोटभर बाहेर. गाडी दारात उभी. मी कात्री घेतली.”

ताईला सगळं एकदम दिसलं. तिकडे फोनमधले नकाशे भलतंसलतं दाखवायला लागले तेव्हा डॉक्टर खुशीत म्हणाला होता, ‘आबा, तुमचा नकाशा कामाला आला बघा!’ वर्गात पहिला आलेल्या मुलासारखे त्याने सात आकडे वाचून दाखवले होते. तिने ते उतरवून घेतले. जागा यादीत घालायच्या अर्जात एक रकाना होता, ‘मोजणी कोणती’. बाकी सगळ्यांच्या अर्जांत ‘उपग्रह’ असायचं, तिनेही तेच लिहिलं. विचारायचं तर पुढच्या गुरुवारपर्यंत थांबावं लागलं असतं. आणि खाली ‘दुसऱ्या व्यक्तीने तपासले’ म्हणून जी सही लागते, तीही तिनेच केली होती. भाऊच तर सांगतोय, आणखी काय तपासायचं?

“सातही,” ती म्हणाली.

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पहिल्यांदा भानावर आली ती सूनबाई. ती शाळेत गणित शिकवायची, आणि कठीण प्रसंगी तिचं रडणं मागे राहून डोकं पुढे चालायचं. “दुरुस्त करता येईल?”

“यादी काल रात्रीच बंद झालीय.”

“ते नाही विचारलं. करता येईल का?”

ताईने ओठ चावले. “दोन रस्ते आहेत. मुख्यालयात यादी सांभाळणारा माझ्या ओळखीचा आहे. एक वाजेपर्यंत एखादं कडं थोडं मोठं करायचं त्याच्या हातात असतं. दवाखान्याचं दोनशेचं सहाशे कर म्हटलं, म्हणजे खरा दवाखानाही आत येईल, तर तो का म्हणून विचारणार नाही. पण एकच. सातांना सांगितलं तर विचारणारच.”

“आणि दुसरा?”

“लेखी कबुली द्यायची. सातही आकडे चुकले, चूक माझी. तिथून कोणीतरी एका जागेचा पुरावा द्यायचा. मग सगळे निशाणे पुन्हा तपासतात. म्हणजे दोन दिवस तरी मोहीम थांबणार.”

“थांबणार नाही, मरणार!” काका कडाडले. “अगं, ही विमानं उडवायला अकरा देश राजी करावे लागलेत. दोन दिवसांत त्यातल्या एकाचा तरी पाय मागे येतो. मी पाहिलंय ते. आत तीस हजार माणसं आहेत, विहिरी आटल्यात. ती काय आपल्या कागदपत्रांची वाट बघत बसणार आहेत?”

“बाकीच्या सहा जागांचं काय?” आबांनी विचारलं.

“दादा, यादीत नसलं म्हणजे निशाण्यावरच असतं असं नाही. शहरात हजार छपरं आहेत. त्यातल्या कोठारांवर पडणार, बेकरीवर कशाला पडेल?”

हे खोटं नव्हतं. सूनबाईने ते मनातल्या मनात तपासून पाहिलं आणि तिला ते खरं वाटलं, कारण खरं वाटण्याची तिला फार गरज होती. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती काकांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“एकाचं होतंय ना? तेवढं करा, ताई. आधी तेवढं करा.”

ताईने काकांकडे पाहिलं, मग वहिनीकडे. तिला एक गोष्ट माहीत होती जी तिथे आणखी कोणाला माहीत नव्हती. चौथी जागा, म्हणजे शाळा. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून दारूगोळ्याचं एक कोठार होतं, आणि पहिल्या तासाच्या निशाण्यांत ते तिसरं होतं. सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं की एकच रस्ता उरणार होता, आणि त्या रस्त्याच्या शेवटी तिची नोकरी, काकांची तीस वर्षांची आस आणि कदाचित तीस हजार माणसांचं पाणी, सगळंच जाणार होतं. ती मूग गिळून बसली.

“आबा?” तिने विचारलं.

“सातही माझ्याच नकाशावरचे आहेत,” आबा म्हणाले.

“ते खरं आहे. पण करू काय?”

आबांनी पेन्सिल खाली ठेवली. ते गप्प बसले. त्या गप्प बसण्याला सगळ्यांनी होकार धरलं, आणि आबांनीही ते तसं धरू दिलं.

ताईने आतल्या खोलीत जाऊन फोन केला. दोन मिनिटांत बाहेर आली. “झालं. सहाशे केलं.”

सूनबाईने तिचा हात धरला. काकांनी पाणी मागितलं. त्यानंतर दोन वाजेपर्यंत त्या घरात जे चाललं होतं त्याला बोलणं म्हणवत नाही. कोणी चहाचं विचारत होतं, कोणी नको म्हणत होतं. एकमेकांकडे बघायचं मात्र सगळेच टाळत होते.

दोनला फोन वाजला. सूनबाईने स्पीकर लावला.

“जेवलास का?” तिने सेकंदकाट्याकडे बघत विचारलं.

“अर्धा पाव. चैन आहे,” डॉक्टरचा आवाज घोगरा झाला होता. “पाणी उद्यापुरतं आहे. इथे रोज विचारतात गं, येणार आहेत का कोणी? मी सांगतो, माझी बहीण मोठी साहेब आहे, ती पाठवणार आहे.”

ताईने तोंड फिरवलं.

“काळजी घे,” सूनबाई म्हणाली. “आज घराबाहेर पडू नकोस. पहिल्या घरातच थांब. ऐकतोयस ना?”

फोन चोरून ऐकला जातो, म्हणून त्या सात जागांना ते घरं म्हणायचे. पहिलं घर म्हणजे दवाखाना.

“पहिल्या घरी नाहीये मी. चौथ्या घरी आलोय सकाळपासून. दोघी बाळंतपणात अडल्यात, दोन्ही मुलं पोटात आडवी, हलवायची सोय नाही. संध्याकाळपर्यंत तरी इथून सुटका नाही बघ.”

ताईच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. ती आबांच्या कानाशी वाकली आणि जे दोन तासांपूर्वी सांगायला हवं होतं ते तिने आता सांगितलं. “शाळेच्या भिंतीला कोठार आहे, आबा. पहिल्या तासात तिसरं.”

आबांनी तिच्याकडे फक्त एकदा पाहिलं. मग फोन स्वतःकडे ओढला.

“छोट्या, होकायंत्र आहे का जवळ?”

“आहे की. का?”

“आपला खेळ खेळू या. ‘मी कुठे आहे’चा.”

हा खेळ त्या दोघांचा होता. कुठल्याही उंच जागी नेऊन आबा त्याला उभं करायचे. दिसणाऱ्या तीन मोठ्या खुणा धरायच्या, डावीकडून उजवीकडे, होकायंत्रावर त्यांचे कोन वाचायचे. आबा घरी येऊन तीन रेघा ओढायचे, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतील तिथे छोट्या उभा होता हे सिद्ध व्हायचं. शहरात पाण्याची टाकी, धान्याचं कोठार आणि पुलाचा खांब, या तिन्ही खुणा त्याला आबांनीच नकाशावर दाखवल्या होत्या. खुणांची नावं घ्यायची गरज नव्हती. ऐकणाऱ्यांना नुसते तीन आकडे ऐकू आले असते.

“आत्ता? आबा, त्यासाठी गच्चीवर जावं लागेल. भर दुपारी.” गच्चीवर डोकं दिसलं की समोरच्या टेकडीवरून गोळी येते, हे त्याने मागच्याच महिन्यात सांगितलं होतं. “काही विचारू नको म्हणताय का?”

“विचारू नकोस.”

सूनबाईने घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट चाळीस सेकंद. आबा तिच्याकडे बघत होते, परवानगी मागावी तसे. आत्तापर्यंतचं सगळं आयुष्य तिने नवऱ्याला ‘जाऊ नकोस’ म्हणण्यात घालवलं होतं. एकदाही त्याने ऐकलं नव्हतं.

“आबा सांगतायत तसं कर,” ती म्हणाली. “जा. वाकून जा.”

जिन्यावरचे बूट ऐकू आले. दार करकरलं. मग वारा. दोन मिनिटं तीस.

“एकशे बारा,” डॉक्टरचा दबका आवाज आला. आबांनी कोनमापक लावून रेघ ओढली. “दोनशे चार.” दुसरी रेघ. त्यानंतर फटकन एक आवाज झाला, काहीतरी ओरखडत गेल्यासारखा, आणि नुसता वारा राहिला.

तीन मिनिटं. काकांनी बोट वर केलं. सूनबाईने ते पाहिलंच नाही असं केलं. तीन मिनिटं दहा. ताई दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभी होती. तीन मिनिटं बावीस.

“दोनशे एक्याण्णव. आहे मी, आहे. गिलावा उडाला नुसता. आबा, बरोबर आलं का?”

तिसरी रेघ पहिल्या दोघींना जिथे भेटली तिथे शाळेचं छप्पर होतं. आबांनी ताईचा चौथा आकडा तिथून मोजला. चारशे वीस. ईशान्येला.

“पैकीच्या पैकी,” आबा म्हणाले.

“मग बक्षीस राहिलं माझं,” डॉक्टर हसला आणि फोन बंद झाला.

यावेळी ताई आतल्या खोलीत गेली नाही. सगळ्यांसमोर उभी राहून तिने मुख्यालयाला फोन लावला, स्वतःचं नाव आणि हुद्दा सांगितला, आणि सातही आकडे चुकल्याचं सांगितलं. तपासणीची सही आपणच केली होती, तेही सांगितलं. पलीकडून कोणी ओरडत होतं. तिने पट्टीवरच्या ओळी वाचून दाखवल्या, तीन कोन सांगितले, कबुली लिहून पाठवली. फोन एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. दोनाचे तीन झाले, तीनाचे साडेतीन.

तीन अडतीसला उत्तर आलं. तिने ऐकून घेतलं, “हो, साहेब” म्हणाली आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं.

“थांबवलं. शनिवारी बघू म्हणतात.”

“शनिवारी,” काका म्हणाले. “पाणी उद्यापुरतं आहे.”

“माहीत आहे, काका.”

त्यांना चिडायचं होतं. ताईला ते दिसत होतं, आणि चिडले असते तर तिला हलकंच वाटलं असतं. पण ते खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

सूनबाईने विचारलं, “तो आज पहिल्याच घरी असता तर?”

विचारताना तिने मान वर केली नाही. ‘तेवढं करा’ हे शब्द तिचेच होते.

“त्या वेळी फाटकाबाहेर,” काका खिडकीकडे तोंड करूनच बोलले, “मी एकेक चेहरा बघत होतो. ओळखीचा एक जरी निघाला असता ना, तर मी उघडलं असतं. कोणी नव्हतं ओळखीचं.”

तीस वर्षांत त्या फाटकाबद्दल ते एवढंच बोलले. आबांनी धाकट्या भावाकडे पाहिलं, आणि मग टेबलाकडे वळून पट्टी सरळ केली.

“बाकीचे सहा लिहून पाठवायचे असतील ना,” ते ताईला म्हणाले. “मी एकेक मोजून देतो. बेकरीचा सांग.”

ताईने आकडा सांगितला. आबांनी आधी आडवी रेघ ओढली, मग उभी. चारशे वीस मीटर नैऋत्येला सरकून टाचणी टोचली. भिंतीवर चार वाजले.

“बेकरीत कोण असतं?” सूनबाईने विचारलं.

सात महिन्यांत त्या जागेचं नाव या घरात शंभरदा निघालं होतं. ताईने काकांकडे पाहिलं, काकांनी आबांकडे. कोणालाच माहीत नव्हतं.